खड्डा घेण्याआधी: घराभोवतीच्या बागेचे नियम, नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नव्या घराचा ताबा मिळाला की पहिल्या पावसात माणूस नर्सरीत जातोच. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या बाजूला एक चक्कर होते, टेम्पो भरून रोपं येतात, माळी सकाळच्या दोन तासांत खड्डे घेऊन मोकळा होतो. कोणी काही विचारत नाही, कुठे अर्ज करावा लागत नाही. विचारपूस सुरू होते ती आठ-दहा वर्षांनी. तोवर अशोकाची मुळं ड्रेनेजच्या चेंबरात शिरलेली असतात, नाही तर गुलमोहराची फांदी शेजाऱ्याच्या गाडीवर आलेली असते. तेव्हा कळतं, की आपल्याच पैशाने, आपल्याच जागेत लावलेलं झाड आपल्याला आपल्या मर्जीने काढता येत नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांत सगळं गणित इथेच आहे. रोप लावायला परवानगी लागत नाही, झाड काढायला लागते. निर्णय पूर्णपणे तुमच्या हातात असतो तो फक्त खड्डा घेण्याआधी. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी बऱ्याचशा कुदळ उचलण्याआधीच्या आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत, पण कायदा राज्यातल्या सगळ्या महापालिका आणि नगरपरिषदांना सारखाच आहे. गावाकडचं घर आणि गोवा यांच्यासाठी वेगळे नियम आहेत, तेही वाटेत येतील.

पहिली पायरी: जागा नक्की कोणाची

बंगल्याचा प्लॉट असेल तर तीन कागद समोर ठेवा: मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मोजणीचा नकाशा आणि महापालिकेने मंजूर केलेला बांधकामाचा नकाशा. कंपाउंडची भिंत हीच हद्द असं धरून चालू नका. जुन्या वसाहतींत भिंत दोन फूट आत किंवा बाहेर निघते, आणि हद्दीवर लावलेलं आंब्याचं झाड पुढे दोन घरांत बोलणं बंद करतं. मंजूर नकाशात घराच्या चारही बाजूंना सोडलेली मोकळी जागा दिसेल, तिला सामासिक अंतर म्हणतात. तिथे झाडं लावायला हरकत नसते. पक्का ओटा, छप्पर घातलेला मांडव, भिंतीचं कुंपण मात्र बांधकामात मोजलं जाऊ शकतं.

याच वेळी रस्तारुंदीची रेषा तुमच्या प्लॉटमधून जाते का तेही बघून घ्या. विकास आराखड्यातला रस्ता कागदावर वीस वर्षं पडून राहतो आणि मग अचानक जागा होतो. त्या पट्ट्यात लावायचंच असेल तर मोगरा, जास्वंद असं काही लावा. फणस लावू नका.

भिंतीबाहेर पदपथावरचं झाड महापालिकेचं असतं. ते तुम्ही लावलेलं असो, रोज पाणी तुम्हीच घालत असा, त्याची फांदी छाटायची तरी परवानगी लागते. त्याच्या बुंध्याला खिळा ठोकून घराची पाटी लावणं हेही बेकायदा आहे.

सोसायटीत प्रकरण जास्त नाजूक. तळमजल्याच्या फ्लॅटबरोबर ‘प्रायव्हेट गार्डन’ मिळालं असं बिल्डरच्या माहितीपत्रकात असतं, करारनाम्यातही कुठेतरी ओळ असते, आणि त्यासाठी वरकड पैसेही मोजलेले असतात. मंजूर नकाशा उघडला तर त्या जागेवर नुसतं सामासिक अंतर लिहिलेलं असतं. अभिहस्तांतरण झाल्यावर जमीन सोसायटीच्या नावावर येते आणि मोकळी जागा सामाईक होते. मग एखाद्या सर्वसाधारण सभेत तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णीकाका उठून विचारतात, “ही जाळी कोणाला विचारून लावली?” आणि त्यांचा मुद्दा बहुतेक वेळा बरोबर असतो. म्हणून तळमजल्यावर राहायला येणाऱ्यांनी आधी करारनामा आणि मंजूर नकाशा शेजारी शेजारी ठेवून वाचावा. सोसायटीऐवजी अपार्टमेंट असेल, म्हणजे 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, तर त्याचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) काढून बघा. त्यात ती जागा मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून तुमच्या सदनिकेला जोडलेली असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. रो-हाउसवाल्यांनाही हेच लागू. मागचं अंगण ‘आपलं’ वाटतं, पण कागद काय म्हणतो ते महत्त्वाचं.

दुसरी पायरी: हद्द कोणाची, म्हणजे कायदा कोणता

महापालिका किंवा नगरपरिषदेची हद्द असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो. त्याखाली प्रत्येक ठिकाणी वृक्ष प्राधिकरण असतं आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. जागा खासगी असली तरी कायद्यातून सुटका नाही, मालकीची असो वा नसो असे स्पष्ट शब्द त्यात आहेत.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत फार्महाउस किंवा गावचं घर असेल तर 1964 चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा बघावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर ही नावं आहेत याचं कोणाला आश्चर्य वाटत नाही. पण त्याच यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा आणि मोहही आहेत. मुळशीत किंवा कोकणात घेतलेल्या प्लॉटवरचा जुना आंबा ‘दृश्य अडवतो’ म्हणून पाडायचा विचार असेल तर आधी तहसील कार्यालयात आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जाऊन या. लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतुकीच्या पासाचाही प्रश्न येतो.

पुण्याच्या आसपास हद्द हीच गोष्ट हलती आहे. 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23 आली, आणि पुढे फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावं बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं होतं हा दाखला म्हणूनच कामाचा नाही. तुमच्या चालू कर पावतीवर कोणाचं नाव आहे ते बघा. खडकी, पुणे आणि देहूरोड कटक मंडळांच्या (कँटोन्मेंटच्या) हद्दीत राहणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात विचारावं.

महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं आहेत, पहिलं 2001 पासून आणि दुसरं 2003 पासून. तिथे घराभोवती सपाटीकरण, भराव, झाडतोड या प्रत्येक गोष्टीला जास्त कडक चाळणी लागते. समुद्र आणि खाडीकाठी किनारा नियमन क्षेत्राचे नियम येतात. कांदळवनाला तर हातच लावायचा नाही, मग ते ‘आपल्या’ सातबाऱ्यावर का असेना.

गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. तिथली माडाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2016 मध्ये सरकारने दुरुस्ती करून माडाला ‘झाड’ या व्याख्येतून वगळलं, म्हणजे माड तोडायला परवानगीची गरज राहिली नाही. त्यावर एवढा गदारोळ झाला की 2017 मध्ये माड परत झाडांत आला, आणि वर राज्यवृक्षही झाला. गोव्यात घर घेताना जुन्या माहितीच्या भरवशावर माडाला कोयता लावू नका.

बांबू हा याच्या बरोबर उलटा प्रवास केलेला प्रकार. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू ‘झाड’ राहिला नाही. कुंपणाला बांबू लावणाऱ्यांना ही सोय आहे. पण पसरणाऱ्या जातीचा बांबू शेजारच्या प्लॉटमध्ये शिरला तर कायदा नाही, शेजारी बोलतो.

तिसरी पायरी: आधीपासून काय उभं आहे

ताबा घेतल्या घेतल्या जागेवरच्या प्रत्येक झाडाचा फोटो काढा, छातीच्या उंचीला टेप लावून बुंध्याचा घेर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. बुंध्यावर रंगवलेला किंवा पत्र्यावर ठोकलेला क्रमांक दिसला तर तोही टिपा. कायद्याप्रमाणे वृक्षगणना करणं हे प्राधिकरणाचं काम आहे, आणि तुमच्या अंगणातली झाडं त्या नोंदीत असू शकतात. आधीच्या मालकाने झाड तोडलं असेल आणि तक्रार तुमच्या काळात आली, तर हे फोटोच उपयोगी पडतात.

नव्या इमारतींत आणखी एक गोष्ट बघायची असते, आणि ती जवळजवळ कोणीच बघत नाही. बिल्डरने बांधकामासाठी झाडं तोडली असतील तर त्या बदल्यात नवी झाडं लावण्याची अट त्याच्यावर असते. भोगवटा पत्राआधी (इमारत वापरायच्या दाखल्याआधी) महापालिकेच्या उद्यान विभागाचा ना हरकत दाखला घेताना ती झाडं दाखवली जातात. सोसायटीच्या कडेने ओळीत लावलेली, तुम्हाला ‘उगाच’ वाटणारी ती बकुळ आणि करंजाची रोपं कदाचित हीच असतील. पार्किंग वाढवायला ती उपटण्याआधी बिल्डरकडून तो दाखला आणि त्यासोबतची झाडांची यादी मागून घ्या. सोसायटी हस्तांतरणाच्या वेळी मागितली तर मिळते, तीन वर्षांनी मागितली तर फोन उचलला जात नाही.

चौथी पायरी: काय लावायचं, कुठे लावायचं

नर्सरीतलं रोप दोन फुटांचं असतं आणि तुम्ही निर्णय घेत असता तीस फुटांच्या झाडाबद्दल. खड्डा घेण्याआधी चार रेषा कागदावर काढा: पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन आणि चेंबर, विजेच्या तारा किंवा जमिनीखालची केबल, आणि घराचा पाया. मोठ्या झाडासाठी यांपासून चार-पाच मीटर आणि मध्यम झाडासाठी दोन-अडीच मीटर ठेवावेत असं माझं मत. हा कायद्याचा आकडा नाही, पण पुढे परवानगीसाठी रांगेत उभं राहणं वाचवणारा आहे.

वड, पिंपळ, उंबर यांना बंगल्याच्या प्लॉटमध्ये जागा नाही. यात अश्रद्धा काही नाही, उलट श्रद्धाच अडचणीची आहे. औदुंबर मोठा झाला की महापालिकेची परवानगी मिळते, पण कुऱ्हाड लावायला मजूर मिळत नाही. गच्चीच्या कठड्यात किंवा पाइपच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलं तर दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा. एकदा त्याने भिंत फोडली की दुरुस्तीही महाग आणि काढणंही.

गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष रस्त्यावर देखणे दिसतात. घराजवळ ते वळवाच्या पावसाची धास्ती लावतात, कारण गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. शेवग्याची फांदी तर माणसाच्या वजनानेही मोडते, तो हवा असेल तर पार्किंगपासून लांब. नारळ लावायचा तर झावळी आणि फळ कुठे पडेल ते आधी बघा. सोसायटीत नारळ उतरवून घेण्याचा खर्च कोणी करायचा यावर दरवर्षी चर्चा होते आणि तोवर एक नारळ कोणाच्या तरी बॉनेटवर पडतो.

चंदन लावा म्हणून हल्ली बरेच जण सांगतात. शहरातल्या बंगल्यात चंदन लावणं म्हणजे रात्री करवत घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना आमंत्रण. पुण्यात बंगल्यांच्या आवारातून चंदन कापून नेल्याच्या बातम्या वरचेवर येतात.

कोनोकार्पसबद्दल मात्र थोडं थांबून. झटपट वाढतो, कायम हिरवा, जनावर खात नाही, म्हणून कुंपणासाठी नर्सरीवाला हाच पुढे करतो. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी शोधत जाणारी मुळं आणि परागकणांचा त्रास यांमुळे गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तुमच्या महापालिकेने तसा आदेश काढलेला असो वा नसो, हे रोप घेऊ नका. एकदा वाढलं की ते काढण्यासाठीही परवानगीच्या फेऱ्यात तुम्हीच अडकाल.

मग लावायचं काय? छोट्या अंगणाला ताम्हण, बहावा, कांचन, सोनचाफा, पारिजातक पुरेसे आहेत. ताम्हण तर आपलं राज्यफूल, मे महिन्यात जांभळं होतं आणि कोणाच्या भिंतीत घुसत नाही. दारात कढीपत्ता, लिंबू, डाळिंब. मोठी जागा असेल तर एक बकुळ किंवा कडुनिंब, मध्यभागी नाही, कोपऱ्याकडे.

आणि बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट घट्ट बसवू नका. पेव्हर ब्लॉक टाकणारा ठेकेदार बुंध्याला चिकटवून शेवटची वीट ठोकतो आणि काम ‘नीटनेटकं’ दिसतं. पाणी मुळापर्यंत जात नाही, बुंधा जाड होत जातो तशी वीट सालीत रुतते, आणि पाच-सात वर्षांत झाड वरून वाळायला लागतं. चारही बाजूंनी निदान मीटरभर माती उघडी हवी. ठेकेदाराला हे काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं, नंतर तो वेगळं बिल लावतो.

पाचवी पायरी: कुंपण

मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यभर एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 पासून लागू आहे. मुंबईला तिची स्वतःची नियमावली आहे. एकात्मिक नियमावलीप्रमाणे कंपाउंडच्या भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून मोजून 1.5 मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच फूट. वरचा 0.9 मीटरचा भाग जाळी किंवा गजांचा, आरपार दिसणारा असेल तर 2.4 मीटरपर्यंत जाता येतं. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकाजवळ भरीव भिंत याहून ठेंगणी ठेवावी लागते, कारण वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसलं पाहिजे. याच कारणासाठी कोपऱ्यावर दाट मेंदीचं किंवा बोगनवेलीचं कुंपण डोक्याएवढं वाढवू नका. नियम भिंतीबद्दल बोलतो, पण अपघात झाला की लोक वेलीकडेही बोट दाखवतात.

सहावी पायरी: गच्ची, गॅलरी आणि जिना

गच्ची सोसायटीची असते. वरच्या मजल्यावर राहता म्हणून ती तुमची होत नाही. गच्चीवर बाग करायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होते, विषय त्याआधी सचिवांकडे लेखी द्या. ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: कोणता भाग, गळती झाली तर खर्च कोणाचा, आणि वॉटरप्रूफिंग काढायची वेळ आली तर कुंड्या किती दिवसांत हलवायच्या. तिसरी गोष्ट लिहिलेली नसते आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं.

वजनाचा हिशेब करा. माणसांच्या वावरासाठीची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला 150 किलो भार धरून आखलेली असते. ओल्या मातीचा फूटभर थर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जातो. म्हणजे गच्चीवर वाफे घालून ‘शेती’ करायचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचा नाही. हलकं मिश्रण, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, आणि कुंड्या कठड्याच्या कडेने, तुळईवर.

गॅलरीच्या कठड्यावर बाहेरच्या बाजूला कुंडी ठेवू नका, कोणताही नियम सापडो न सापडो. जिना, मधला बोळ आणि रेफ्युजची जागा (आगीच्या वेळी थांबण्यासाठी सोडलेली) इथेही कुंड्या नकोत. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली सोसायटीला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. त्यासाठी तपासणीला आलेला माणूस आधी लिफ्टसमोरचा मनी प्लँट बघतो. उंच इमारतींत अग्निशामक गाडीसाठी सोडलेल्या बाजूच्या रस्त्यावर लँडस्केपिंगच्या नावाखाली ठेवलेले सिमेंटचे मोठे कुंडेही हटवावेच लागतात.

सातवी पायरी: पाणी, डास, पालापाचोळा

टंचाईच्या उन्हाळ्यात महापालिका पिण्याचं पाणी बागेला वापरू नका असा आदेश काढते. हिरवळीचा हट्ट असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. पुण्यात लॉन ही मला मुळातच न पटणारी गोष्ट, चार महिने सुंदर आणि आठ महिने टँकर. सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल तर त्याचं पाणी बागेकडे वळवा, आणि तो खरोखर चालू आहे ना तेही वास घेऊन बघा. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. पुणे महापालिकेत पर्जन्यजल संधारण, सौरऊर्जा, गांडूळखत यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत मिळते. मात्र प्रकल्प बंद आढळला तर ती जाते.

कुंडीखालच्या ताटल्या हा पावसाळ्यातला हमखास नोटिशीचा विषय. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा ताटल्या, कमळाचं टाकं, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं घासून कोरडं करायचं. कमळाच्या टाक्यात गप्पी मासे सोडले की ते काम ते करतात. महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाचा कर्मचारी आला तर त्याला गेटवर अडवू नका. अळ्या सापडल्या तर दंड होतो, आणि अडवल्याने तो टळत नाही.

वाळलेली पानं जाळणं घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे मना आहे. बागेचा कचरा वेगळा ठेवायचा असतो, ओल्या कचऱ्याच्या बादलीत कोंबायचा नाही. एका कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून पाचोळा साठवला तर वर्षभरात खत होतं.

आठवी पायरी: छाटणी आणि तोड

आता मूळ मुद्दा. ‘तोडणे’ या शब्दात कायद्याने बरंच काही घातलं आहे. जाळणं, छाटणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. त्यामुळे बुंध्याची साल गोलाकार काढणं, भोक पाडून त्यात हिंग भरणं, मुळाशी ॲसिड ओतणं या जुन्या ‘युक्त्या’ म्हणजे परवानगीशिवाय झाड तोडणंच. झाड आपोआप वाळलं असा बहाणाही चालत नाही, बुंध्यावरची भोकं दिसतात.

अर्ज मालकाने करायचा असतो. सोसायटीचं झाड असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर, ठरावाच्या प्रतीसह, सचिव किंवा अध्यक्षांच्या सहीने. एका सभासदाने स्वतःच्या नावाने दिलेला अर्ज परत येतो. सोबत मिळकत कराची पावती, झाडाचे फोटो, जागेचा साधा नकाशा आणि कारण. कारण लिहिताना ‘पानगळीचा त्रास’, ‘अंधार पडतो’ असं लिहू नका. झाड वाळलेलं किंवा रोगट असणं, जीविताला किंवा मालमत्तेला धोका असणं, ही कायद्याला समजणारी कारणं आहेत. भिंतीला तडा गेला असेल तर त्या तड्याचा फोटो पट्टी लावून काढा.

मग पाहणी. उद्यान विभागाचा माणूस येतो, बुंध्याला टेप लावतो, वर बघतो, अर्जात लिहिलेलीच झाडं आहेत ना ते मोजतो. त्या वेळी माळ्याला पुढे करू नका, स्वतः हजर राहा. “पूर्ण काढायचं की फांद्या उतरवून भागेल?” हा प्रश्न तो विचारतो, आणि त्याच्या उत्तरावर सगळं ठरतं. माझं सांगणं, बहुतेक वेळा फांद्यांनी भागतं. पूर्ण तोडीचा अर्ज मागे घेऊन धोकादायक फांद्यांपुरती परवानगी घेतली तर काम लवकर उरकतं आणि झाडही राहतं.

पूर्ण तोडच असेल तर झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि हरकतींसाठी 7 दिवस दिले जातात. हरकत कोणीही घेऊ शकतो, त्याने तुमच्या गल्लीत राहायला हवं असं नाही. पुण्यात हरकत घेणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती, तेव्हा जाहिरात आली म्हणजे परवानगी आली असं समजून ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. परवानगीचं पत्र हातात आल्यावर त्यातली तारीख आणि अटी वाचा, आणि लिहिलेल्या मुदतीच्या आधी करवत लावू नका.

2021 च्या दुरुस्तीने घरमालकांसाठी दोन गोष्टी बदलल्या. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता ‘हेरिटेज’ झाड धरलं जातं. आणि भरपाईची लागवड तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी करायची आहे. तीस वर्षांचं झाड काढलं तर तीस रोपं, तीही सहा ते आठ फुटांची, जिओ-टॅग करून (प्रत्येकाच्या ठिकाणाची डिजिटल नोंद करून), सात वर्षं जगवायची. बंगल्याच्या प्लॉटमध्ये तीस रोपं मावत नाहीत, मग प्राधिकरण सांगेल तिथे. हा हिशेब सभेत वाचून दाखवला की ‘ते झाड काढूनच टाकू’ म्हणणारे निम्मे सभासद गप्प होतात.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी तुमच्याकडे आली असेल तर “माझ्या हद्दीतली फांदी मी तोडणार” हा युक्तिवाद इथे पुरत नाही. फांदी कोणाच्याही बाजूला असो, छाटणीला परवानगी हवीच. शेजाऱ्याला लेखी कळवा, दोघांच्या सहीने अर्ज करा. तो सही देत नसेल तर वृक्ष अधिकाऱ्याकडे एकट्याने तक्रार करता येते.

छाटणी करायची तर मे महिन्याच्या आत करा. पावसाळ्याच्या तोंडावर बगळे, रातबगळे, कावळे घरटी करतात आणि जून ते सप्टेंबर त्यांत पिल्लं असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत बसतं. खाली गाड्यांवर विष्ठा पडते म्हणून ऐन जुलैत फांद्या उतरवणारी सोसायटी दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडते. परवानगी असली तरी फांदीवर घरटं दिसलं तर काम थांबवा, उद्यान विभागाला कळवा आणि पिल्लं उडेपर्यंत गाड्या दुसरीकडे लावा.

वादळात झाड पडलं किंवा पडण्याच्या बेतात झुकलं, तर अर्जाच्या वाटेला जाऊ नका. 101 ला फोन करा, अग्निशमन दलाचे लोक करवती घेऊन येतात आणि रस्ता किंवा दार मोकळं करून देतात. ते येण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, उपटलेली मुळं दिसतील असा एक हवाच. तारा झाडाखाली आल्या असतील तर आधी महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या, तोवर कोणाला जवळ जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी हेच फोटो लावून क्षेत्रीय कार्यालयात पत्र द्या आणि पोच घ्या. विमा कंपनी ती मागते. आणि आवारात राहिलेले ओंडके वखारवाल्याला देण्याआधी याच पत्रात त्यांचं काय करायचं तेही लेखी विचारून घ्या.